चूक एकीकडे, बोट दुसरीकडे

आमचें बिर्‍हाड पालघरास आहे आणि घर माणसांनीं भरलेलें आहे, हें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस सांगावयास नको. घरांतील धाकट्या सूनबाई रोज सकाळच्या गाडीनें बोईसरास जातात. मध्यें उमरोळी हें एकच स्थानक. १९६९ सालीं तारापूरच्या अणुवीज-केंद्रांतून वीज मिळूं लागली, बोईसरलगत कारखान्यांची वसाहत पसरली, आणि या बाजूच्या कित्येक घरांचीं घड्याळें कारखान्यांच्या पाळ्यांवर चालूं लागलीं. सूनबाई अशाच एका कारखान्याच्या कचेरींत कामगारांच्या याद्या संगणकावर ठेवण्याचें काम करतात.

परवांच्या रविवारीं दुपारीं निजानीज झाल्यावर आम्ही ओटीवर येऊन पाहतों तों त्या संगणक पुढ्यांत घेऊन चिंतामग्न बसलेल्या. “काय ग, आज रविवारींहि सुटका नाहीं?” असें विचारतांच त्या म्हणाल्या, “मामंजी, चौथ्या ओळींत चूक आहे असें यंत्र सारखें सांगतें आहे. ती ओळ मीं दहा वेळां वाचली, दोनदां पुसून पुन्हां लिहिली. पण तींत वांकडें कांहीं दिसत नाहीं.”

काम मोठें नव्हतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतील आठ तालुके निराळे होऊन पालघर जिल्हा झाला. परंतु कारखान्याच्या जुन्या यादींत वसई तालुक्यांतील कामगारांच्या नांवापुढें अद्याप “ठाणें” हाच जिल्हा उभा होता. तो बदलून तेथें “पालघर” घालावयाचें होतें. अशा याद्यांना जी आज्ञा किंवा विचारणा करावयाची तिला क्वेरी म्हणतात. माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवावी असें तत्त्व कॉड नांवाच्या गणितज्ञानें १९७० सालीं मांडलें, आणि त्या कोष्टकांशीं बोलावयाची भाषा चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं पुढें आणली. तीच आजची एस्क्यूएल. तींतील वाक्यें टेक्स्ट एडिटरांत, म्हणजे साध्या मजकुराच्या पाटीवर, लिहितात आणि मग यंत्राच्या स्वाधीन करतात.

आतां यंत्र तें वाक्य एकदम समजून घेत नाहीं. त्याच्या दारांत पार्सर नांवाचा एक कडक शास्त्री बसलेला असतो. लहानपणीं आमचे संस्कृतचे गुरुजी आमच्याकडून पदच्छेद आणि अन्वय करवून घेत, तसेंच याचें काम. तो पहिल्या शब्दापासून क्रमानें वाचीत जातो, आणि ज्या शब्दाचा अन्वय लागणें अशक्य झालें त्या शब्दावर बोट ठेवून थांबतो. तें बोट तो कोठें अडला एवढेंच दाखवितें. आपण कोठें चुकलों हें दाखवितेंच असें नाहीं. सूनबाईंचा सारा घोटाळा याच समजुतीचा होता.

आम्हीं म्हटलें, “चौथी ओळ सोड, तिसरी वाच.” तिसर्‍या ओळींत “पालघर” या शब्दापुढचें मिटतें अवतरणचिन्ह राहून गेलें होतें. त्यामुळें पार्सराच्या लेखीं तो शब्द संपलाच नाहीं. चौथ्या ओळींत दुसर्‍या शब्दाचें उघडतें चिन्ह भेटलें, तेंच त्यानें मिटतें धरलें, आणि त्यापुढचा निर्दोष शब्द त्याला उपरा वाटला. एडिटर खरें म्हणजे हें आधींच सांगत होता. कारण अवतरणांतील मजकूर तो निराळ्या रंगांत दाखवितो, आणि तो रंग “पालघर”पाशीं न थांबतां खालच्या ओळींत उतरला होता. रंग जेथें मर्यादा सोडतो, तेथून चूक शोधूं लागावें.

तें चिन्ह घातलें, तरी पार्सर पुढें पुन्हां अडला. या खेपेस कारण मौजेचें होतें. तालुक्याचें नांव सूनबाईंनीं कचेरीच्या एका पत्रांतून उचलून आणलें होतें. पत्रें लिहिण्याचीं साधनें अवतरणचिन्हांना छापखान्यासारखा सुबक बांक देतात. पार्सराला मात्र उभें, सरळ चिन्हच ओळखतां येतें. तसेंच, असा उचललेल्या मजकुराबरोबर कधीं कधीं साध्या मोकळ्या जागेऐवजीं निराळ्याच जातीची मोकळी जागा येते. डोळ्यांना दोन्ही सारख्या, पण पुष्कळ पार्सरांना ही दुसरी परकी. अदृश्य चिन्हें दाखविण्याची सोय बहुतेक एडिटरांत असते. आणि आपले मराठी आंकडे वाचकांना कितीहि प्रिय असले, तरी क्वेरींत ते अंक म्हणून ओळखले जात नाहींत. तेथें इंग्रजीच आंकडे घालावे.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर वाक्याची मूळ प्रत निराळी ठेवून एकेक भाग काढून पाहावा. जो भाग काढतांच पार्सर मुकाट्यानें पुढें जातो, त्यांत किंवा त्याच्या सांध्यांत चूक असते. सूनबाईंनीं “ज्यांचा तालुका वसई” ही अट क्षणभर काढून पाहिली, आणि वाक्य बिनतक्रार मान्य झालें. त्यांचा चेहरा उजळला. पण आमच्या छातींत धस्स झालें. कारण त्या अटीवांचून ती आज्ञा बजावली असती, तर यादींतील खुद्द ठाण्याचे, नाशिकचे, सोलापूरचे सारेच कामगार एका क्षणांत पालघर जिल्ह्याचे झाले असते! पार्सर व्याकरण तपासतो, हेतु तपासीत नाहीं. सुदैवानें सूनबाईंची एक संवय चांगली आहे. “बदल” असें सांगण्यापूर्वीं त्या “कोणकोण बदलतील तें दाखव” असें विचारतात. यादी डोळ्यांपुढें येतांच त्यांनीं अट परत घातली, तिचीं चिन्हें सरळ केलीं, आणि काम तडीस गेलें.

उठण्यापूर्वीं त्या म्हणाल्या, “एक शेवटचें राहिलें. वसईच्या एका कामगाराची नोंद दुरुस्त होतच नाहीं. आडनांव डिमेलो. कचेरींतले वडीलधारे म्हणाले, त्याच्या आडनांवांतलें चिन्ह काढून टाक, म्हणजे कटकट मिटेल. काढूं का?”

आपण मराठींत डिमेलो सलग लिहितों. इंग्रजींत “डि” आणि “मेलो” यांमध्यें वर एक स्वल्पचिन्ह असतें. पार्सराला तें मिटत्या अवतरणचिन्हासारखेंच दिसतें. नांव “डि”पाशीं संपलें असें तो मानतो आणि “मेलो”वर बोट ठेवतो. आम्हीं म्हटलें, “चिन्ह मुळींच काढूं नको. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक नांव, बँकेच्या पुस्तकावर तेंच नांव, आणि तुझ्या यादींत मात्र दुसरें, असें झालें तर उद्यां स्वतःच्याच पैशांसाठीं त्या बिचार्‍यानें किती खिडक्यांपुढें उभें राहावयाचें? वाडवडिलांनीं दिलेलें नांव त्यानें यंत्रासाठीं कां बदलावें? चूक त्याच्या नांवांत नाहीं. आपल्या वाक्यांत आहे.”

उपायहि सोपा आहे. नांवांतील तें चिन्ह लागोपाठ दोनदां लिहिलें, म्हणजे तें नांवाचेंच अक्षर आहे असें पार्सर समजतो. तसा या भाषेचा नियमच आहे. आणि क्वेरी एखाद्या प्रोग्रामांतून पाठविली जात असेल, तर नांव वाक्यांत न गुंफतां तेथें रिकामी जागा ठेवून नांव निराळें द्यावें. हें टाळूं नये; कारण ज्या फटींतून डिमेलोंचें साधें नांव अडतें, त्याच फटींतून दुष्ट हेतूचा मनुष्य नांवाच्या रकान्यांत आज्ञा लिहून सारी यादी चोरूं किंवा पुसूं शकतो.

सूनबाईंनीं चिन्ह दोनदां लिहिलें. नोंद दुरुस्त झाली, नांव जसेंच्या तसें राहिलें, आणि आम्हांला चहा मिळाला.

भरल्या घरांत राहणार्‍या आमच्या वाचकांस अधिक सांगणें न लगे. तक्रार ज्याच्यापाशीं येऊन थांबते त्याच्यावरच आपण बोट ठेवतों, आणि बहुधा चूक एक ओळ आधीं, कित्येकदां आपल्याच हातची, बसलेली असते.