कटती आता आपण लावायची



सीसीआयच्या केंद्रावर कापूस घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ते ओलावा मोजायचे यंत्र माहीत आहे. गाडीतल्या कापसात ते खुपसतात आणि आकडा वाचतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या पुढे प्रत्येक टक्क्याला कटती, १२ च्या वर गेला की गाडी माघारी. खासगी जिनिंगवर तर यंत्रही लागत नाही. व्यापाऱ्याने मूठ दाबून पाहिली, तोंड वाकडे केले, की क्विंटलमागे भाव पडला. काढणीच्या वेळी पाऊस येऊन ज्वारी काळी पडली तर तिचेही तेच. यात चिडण्यासारखे पुष्कळ आहे; पण चिडणे जरा बाजूला ठेवून एक साधी गोष्ट पाहू. व्यापारी कटती लावू शकतो ती कशाच्या जोरावर? माल त्याच्या दारात ओतलेला असतो आणि पैसे अजून त्याच्या खिशात असतात, एवढ्याच जोरावर.

आता हाच शेतकरी विकणारा न राहता घेणारा होतो तेव्हा काय करतो? आमच्याच एका कार्यकर्त्याची गोष्ट सांगतो. मागच्या खरिपात त्याने मोबाइलवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला. जाहिरातीत एका चार्जवर दिवसभर चालणारा. प्रत्यक्षात सहा-सात टाक्या झाल्या की मान टाकणारा. परत करायची मुदत सात दिवसांची. त्या सात दिवसांत पावसाची झड लागलेली, फवारणी बंद, पंप खोक्यातच. उघडीप मिळाली, पंप चालवला, दोष कळला, तेव्हा मुदत संपली होती. कंपनीचा फोन कोणी उचलेना. पैसे कसे दिले होते? माल दारात आल्यावर रोख. ‘आपण काही आगाऊ पैसे दिले नाहीत, हुशारी केली’ असे तो त्या दिवशी सांगत होता.

त्याच सुमारास त्याच्या पुण्याच्या भाच्याने मागवलेले मिक्सर आठवड्यात जळाले. विकणाऱ्याने त्यालाही टोलवले. पण भाच्याने पैसे क्रेडिट कार्डावर दिले होते. त्याने बँकेत लेखी तक्रार केली, जळालेल्या मिक्सरचे फोटो आणि विकणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जोडला. दीड महिन्याने पैसे परत आले. मामा अजून वाट पाहतो आहे.

दारात रोख मोजणे म्हणजे सुरक्षित व्यवहार, हा आपल्या गावांत पक्का बसलेला समज आहे. माल आलाच नाही तर पैसे जात नाहीत, इतक्यापुरता तो खरा आहे. पण खोके उघडायच्या आधी नोटा कुरियरच्या पोराच्या हातात गेल्या, की पुढे मालात काहीही निघो, कटती लावायला आपल्या हातात काही उरत नाही.

कार्डाची व्यवस्था वेगळी आहे. कार्डाने दिलेले पैसे आपल्या बँकेकडून विसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांच्या यंत्रणेतून विकणाऱ्याच्या बँकेकडे जातात. माल आला नाही, सदोष आला, किंवा सांगितला एक आणि पाठवला दुसरा, तर घेणारा आपल्या बँकेकडे तो व्यवहार वादात टाकू शकतो. याला चार्जबॅक म्हणतात. मग आपली बँक विकणाऱ्याच्या बँकेकडे पैसे परत मागते आणि ती बँक विकणाऱ्याला विचारते, की दाखव तुझा पुरावा. त्याने समाधानकारक उत्तर दिले नाही तर रक्कम आपल्या खात्यात येते. उत्तर दिले तर बँक आपल्याला पुन्हा विचारते. प्रत्येक वादाचा भुर्दंड विकणाऱ्याला बसतो, आणि ज्याच्यावर असे वाद फार होतात त्याची कार्ड घेण्याची सोयच धोक्यात येते. फोन न उचलणारा माणूस बँकेच्या पत्राला उत्तर देतो, त्याचे कारण हे.

ही सोय काही बँकांच्या दयाबुद्धीतून आलेली नाही. अमेरिकेत १९७४ साली कायदा झाला, त्याने क्रेडिट कार्डाच्या बिलावर वाद घालण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्याने आणखी पुढे जाऊन १०० पौंडांच्या वरच्या खरेदीत विकणाऱ्याबरोबर कार्ड देणाऱ्यालाही जबाबदार धरले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. कार्डाच्या यंत्रणांच्या नियमांवर आपले काम चालते. म्हणून तालुक्याच्या शाखेतला साहेब ‘असे काही नसते’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आमच्याकडे कुठले कार्ड, असे कोणी म्हणेल. २०१४ पासून जनधन खाती निघाली, त्यांच्याबरोबर आलेले रूपे कार्ड कित्येक घरांत ट्रंकेत पडून आहे. तेही कार्डच आहे. डेबिट कार्डाच्या व्यवहारावरही वाद घालता येतो. फरक इतकाच की क्रेडिट कार्डात बँकेचे पैसे अडकतात आणि डेबिट कार्डात आपले. किसान क्रेडिट कार्डाच्या नावात क्रेडिट कार्ड आहे म्हणून त्यावर मिक्सर घेऊ नका. ते पीककर्ज आहे, व्याज आपल्याच उरावर बसायचे. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्या ॲपवर आणि बँकेत तक्रार नोंदवता येते. पण कोणाच्या खासगी नंबरावर आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे परत आणणे फार कठीण.

मुदत मात्र कडक असते. विसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत सदोष मालासाठी ती साधारण १२० दिवसांची, आणि बँका त्याहून कमीही सांगतात. शिवाय आधी विकणाऱ्याकडे दाद मागितली होती आणि माल परत करायची तयारी दाखवली होती, हे दाखवावे लागते. म्हणजे सगळे बोलणे फोनवर करून चालत नाही. लेखी हवे, व्हॉट्सॲपवरचे असले तरी हवे.

या १२० दिवसांमुळेच बियाण्याच्या बाबतीत कार्डाचा मार्ग फारसा उपयोगी नाही. उगवण झाली नाही हे आठ-दहा दिवसांत कळते. पण जातच दुसरी निघाली हे फुले-पात्या लागल्यावर कळते आणि बोंडांचा हिशेब लागेपर्यंत दिवाळी येते. अशा वेळी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज, पंचनामा आणि मग ग्राहक आयोग, हीच वाट. ग्राहक हा शब्द आपल्याला आवडत नाही. कांदा महागला की शहरात ओरडतो तो ग्राहक, अशी आपली ओळख. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्वच्छ सांगितले, की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि पेरलेल्या बियाण्याचा नमुना त्याने तपासणीसाठी राखून ठेवायला हवा होता असे म्हणता येणार नाही. बिनबिलाचे बियाणे घेणाऱ्याला मात्र हा निकालही तारणार नाही.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असे नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन विक्रीचे नियमही त्याच जुलैत आले. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचे बंधन त्यांत आहे, आणि सदोष माल परत घ्यायला विकणाऱ्याला नकार देता येत नाही. रोख पैसे मोजलेल्यालाही हा कायदा लागू आहे. नुसत्या कागदावर राहिलेलाही नाही. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला, आणि मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर परत घेऊन पैसे परत द्यायचा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कीटकनाशके ऑनलाइन विकायला परवानगी मिळाली. विकणाऱ्याचा परवाना तपासायची जबाबदारी विक्रीच्या कंपनीवर टाकली आहे. म्हणजे उद्या पंपच नव्हे, पंपातले औषधही खोक्यातून येणार.

इथवर घेणाऱ्याची बाजू झाली. पण शेतकरी आता ऑनलाइन विकूही लागला आहे, आणि तिथे कटती पुन्हा त्याच्यावरच उलटते. त्यासाठी कोरडवाहू पट्टा सोडून समुद्राकाठी जाऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडला लागून जामसंडे आहे. देवगड तालुक्याच्या आंबा उत्पादकांची सहकारी संस्था तिथली. अडत्याला टाळून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला पेटी थेट पाठवायची, पैसे आगाऊ ऑनलाइन घ्यायचे, हा व्यवहार तिकडच्या बागायतदारांच्या अंगवळणी पडला आहे. हापूसला एक खोड आहे. फळ बाहेरून सोन्यासारखे आणि कापले की आत साका. बाहेरून काही कळत नाही, बागायतदारालाही नाही. आपल्याकडे बोंड टवटवीत दिसते आणि फोडले की गुलाबी अळी, तसेच ते. आता गिऱ्हाइकाने पेटीतल्या चार फळांत साका निघाला म्हणून पूर्ण पेटीचा वाद बँकेत घातला तर? किंवा पेटी खाऊन झाल्यावर ‘माल मिळालाच नाही’ म्हटले तर? माल नाशवंत, परत येण्यासारखा नाही, पुरावा पोटात गेलेला. मोठी कंपनी असे दहा वाद पचवते, दोनशे पेट्यांचा बागायतदार पचवू शकत नाही.

दुसरीकडे देवगडच्या नावावर कर्नाटकातला आंबा खपतो, ही तिथली जुनी तक्रार आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तरी ती संपली नाही. फसलेले गिऱ्हाईक बँकेत तक्रार करते, आणि पुढच्या वर्षी खऱ्या बागायतदाराकडेही संशयाने पाहते. यावर जामसंड्याच्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर क्रमांकाचा स्टिकर लावायचे ठरवले. बागेच्या उत्पादनाचा अंदाज घेऊन तेवढेच स्टिकर बागायतदाराला द्यायचे. क्रमांकाचा काही भाग स्टिकरवर, काही आत दडलेला. गिऱ्हाइकाने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की फळ कुठले ते कळते. काढलेला स्टिकर पुन्हा लावून उपयोग नाही.

आम्हाला यात आंब्यापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. वाद झालाच तर माझा माल कोणता हे दाखवण्याची सोय विकणाऱ्याने स्वतः करून ठेवली. उद्या आपल्यातले बचत गट ज्वारीचे पोहे, हुरडा, तूरडाळ असेच विकणार आहेत. काही विकतही आहेत. भरतानाचा फोटो, वजनाची पावती, कुरियरची पोच एवढे जपले तरी खोट्या वादाला उत्तर देता येते. आणि खरा दोष असेल तर तेवढ्या मालाचे पैसे आपणहून परत करावेत. बँकेतला वाद त्याहून महाग पडतो. घेताना आपणही खोटे बोलू नये. वापरलेला पंप ‘मिळालाच नाही’ म्हणून बँकेत लिहून देणारा आणि मूठ दाबून तोंड वाकडे करणारा व्यापारी, यांच्यात फरक करणे आम्हाला तरी जमत नाही.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. ‘तुमचे पैसे परत करायचे आहेत, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ असा फोन आला तर तो चोराचा. पैसे यायला पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, बिलावरचाच लावा. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा आणि बँकेलाही. आपल्याला न विचारता झालेल्या व्यवहाराबद्दल रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आदेश आहे. त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला फार महत्त्व आहे.

बँकेच्या अर्जाला वकिली भाषा लागत नाही. व्यवहाराची तारीख, रक्कम आणि क्रमांक. काय सांगितले होते, काय आले. विकणाऱ्याला कधी लिहिले, त्याने काय उत्तर दिले. माल परत द्यायला तयार आहे, हे एक वाक्य. फोटो आणि बिल जोडले की एका पानात अर्ज होतो. पुढच्या जिल्हा बैठकीत जेवणाच्या सुट्टीनंतर असे अर्ज लिहायला दोन पोरे बसवली आहेत; ज्यांची प्रकरणे असतील त्यांनी बिले आणि मोबाइल घेऊन यावे.

पंपवाल्या कार्यकर्त्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल त्याच्याकडे नव्हते. खोके चुलीत घालण्याआधी बायकोने त्यावरचे लेबल फाडून डब्यात ठेवले होते. त्यावर विकणाऱ्याचा पत्ता, रक्कम आणि ऑर्डरचा क्रमांक आहे. बैठकीला तो ते लेबल घेऊन येणार आहे.