परवाना आरटीओचा, दंड पोलिसांचा, अन् उभं राहायची जागा कोणाची?

दारव्हा रोडवर ऑटोवाल्यांवर कारवाई झाली की लोहाऱ्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "मुजोर झालेत, चांगलं झालं." दुसरी म्हणते, "गरिबाच्या पोटावर पाय देता का?" पण त्या माणसानं गाडी उभी करायची कुठं, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

एक गैरसमज आधी काढून टाकू. "नगर परिषदेनं यांना लायसन्स दिलंच काहून?" असं बरेच जण लिहितात. नगर परिषद ऑटोला किंवा काळी-पिवळीला परवाना देतच नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं तो अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला आहे. जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कागद फिरतात ते आपल्या एमएच-29 च्या कार्यालयात.

म्हणून नगर परिषद सुटली असं समजू नका. त्याच कायद्याचं कलम 117 वाचा. वाहनं कुठं उभी राहतील, प्रवासी गाड्या कुठं थांबतील, त्या जागा ठरवायचा अधिकार सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या प्राधिकरणाला आहे, अन् त्या ठरवायच्या स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. म्हणजे थांब्याच्या विषयात नगर परिषदेला खुर्ची आहे. लोहारा ग्रामपंचायत होती तेव्हा "आमच्या हातात काही नाही" हे ऐकून घेतलं. आता हद्दवाढीत आपण यवतमाळ नगर परिषदेत आलो, घरटॅक्सची पावती तिकडची येते. मग थांब्याचं पत्रही तिकडूनच निघालं पाहिजे ना?

अन् हा प्रश्न वाढला कसा तेही पाहा. पूर्वी परवान्यांवर मर्यादा होती, लॉटरी निघायची. जून 2017 मध्ये सरकारनं ऑटोचे परवाने खुले केले. दलालांचं दुकान बसलं, ते बरंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऑटो वाढणार तर थांबे किती वाढवायचे, हा हिशेब त्या निर्णयाला कोणी जोडला नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रानं बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना परवान्याची अटच काढून टाकली. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत ई-बाइक टॅक्सीला मंजुरी दिली. 2011 च्या जनगणनेतच यवतमाळ एक लाखाच्या वर होतं. उद्या त्या दुचाक्या आल्या की त्याही त्याच चौकात, त्याच पानटपरीसमोर उभ्या राहतील.

आता खरी गोम. ऑटोचा परवाना कराराच्या वाहतुकीचा असतो. ठरलेला प्रवासी घ्यायचा, ठरलेल्या जागी सोडायचा, मधात थांबून दुसरा भरायचा नाही. कागदावर ठीक आहे. पण राजेहो, एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार रोज अख्खा ऑटो करून जाईल का? शासकीय मेडिकलमध्ये भरती असलेल्या सासऱ्याचा डबा घेऊन निघालेली बाई स्पेशल ऑटो करेल का? ती सीटवरच जाणार. मुंबई-पुण्यात हीच अडचण होती. तिथं प्राधिकरणानं शेअर मार्ग मंजूर केले, सीटमागं भाडं ठरवलं, थांबा दिला. तोच कायदा, तसंच प्राधिकरण आपल्याकडंही आहे. लोहारा ते बसस्थानक, लोहारा ते मेडिकल असे मार्ग अन् त्यांचं सीटचं भाडं लिहिलेला फलक आपल्या भागात कुठं लागलेला असेल, तर फोटो काढून टाका. मी आनंदानं शेअर करीन.

फलक नसला की भाडं तोंडावर ठरते. दिवसा एक, रात्री दुसरं, पावसात तिसरं. अन् तीनच्या जागी पाच बसतात. कलम 194-अ नं जादा प्रवाशामागं 200 रुपये दंड आहे, तो झालाच पाहिजे. ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर लटकणारी शाळेची पोरं पाहून माझा जीव वरखाली होतो. तिथं मी ऑटोवाल्याच्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही. पण जादा माणूस कोंबल्याचा दंड वेगळा, अन् जागाच न देता "चुकीच्या जागी उभा" म्हणून केलेला दंड वेगळा. दुसरा ही वसुली आहे.

एसटीचा संप आठवा. 8 नोव्हेंबर 2021 ला सरकारनंच अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस, एवढंच काय, मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायची परवानगी दिली. तेव्हा ही वाहनं बसस्थानकाच्या आत चालली. एप्रिल 2022 मध्ये कर्मचारी कामावर परतले अन् तीच गाडी, तोच ड्रायव्हर पुन्हा "अवैध वाहतूक" झाला, स्थानकापासून 200 मीटर लांब हाकलला गेला. एसटी जगली पाहिजे, 200 मीटरचा नियमही असू द्या. पण मग दोनशे एकाव्या मीटरवर काय आहे ते दाखवा ना!

प्रशासकाच्या राजवटीत "सभागृहच नाही, ठराव कोण घेणार?" हे कारण चालून गेलं. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनी तेही संपलं. आपल्या प्रभागात मत मागायला आलेल्यांनी सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा: लोहारा गावाचा फाटा, एमआयडीसी अन् मेडिकलचा परिसर इथं थांब्याच्या जागा सुचवायच्या, पट्टे मारायचे, फलक लावायचा, अन् शेअर मार्गांची मागणी प्राधिकरणाकडं पाठवायची. ऑटो संघटनेच्या भाऊंनाही सांगतो, फलक लागल्यावर "त्या भाड्यात परवडत नाही" म्हणून रात्री बाईमाणसाला नाकारलं, तर याच भिंतीवर तुमच्या विरोधात लिहीन.

येत्या सोमवारी मी माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाकतोय. एक नगर परिषदेत, एक आरटीओत. कलम 117 खाली लोहाऱ्यासाठी किती थांबे मंजूर आहेत, त्यासाठी दोन्ही कार्यालयांत कोणता पत्रव्यवहार झाला, अन् प्राधिकरणाच्या गेल्या बैठकीचं इतिवृत्त, एवढंच मागतोय. 30 दिवसांची मुदत आहे. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं टाकतो.