पायऱ्या मोजणारा पेशा

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात दिलेल्या निकालाकडे आमच्या सुशिक्षित तरुणांचे जावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. दिव्यांगांच्या सोयीसंबंधीचा २०१७ चा पंधरावा नियम नुसता शिफारसवजा असून २०१६ च्या मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले आणि सक्तीचे निकष आखण्यास केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांची वेळोवेळी तपासणी प्रमाणित सुगम्यता तज्ज्ञांकडून करून घेण्याचा आदेश झाला. सुगम्यता सल्लागार या पेशाला त्यामुळे कायद्याचे पाठबळ मिळाले आहे.

हे काम वरवर दिसते तेवढे सोपे नाही. कचेरीचे जोते तीन फूट उंच असेल तर एकास बारा या प्रमाणात उतरता मार्ग छत्तीस फूट लांब हवा. प्रत्यक्षात दहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी बांधून कंत्राटदार बिल उचलतो आणि चाकाची खुर्ची खालीच राहते! सरकारी परिपत्रकाचे नुसते छायाचित्र संकेतस्थळावर चढविले की अंधांचे वाचनयंत्र तेथे मुके होते. हे दोष बांधकामापूर्वी, आराखड्यावरच पकडणे हे सल्लागाराचे खरे कसब. 'सार्वत्रिक रचना' ही कल्पना रूढ करणारे अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस स्वतः पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरीत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

'अपंग' हा शब्द गेला, 'दिव्यांग' आला. पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल महोत्सव झाला, त्याचे आम्ही कौतुकच करतो. परंतु महोत्सवाचा मांडव उतरल्यावर तोच पाहुणा मामलेदार कचेरीत कसा शिरणार, हा प्रश्न उरतोच. कायद्याच्या व्याख्येत धार्मिक उपयोगाच्या वास्तूही येतात, हे देवस्थानांच्या महाजनांनीही जाणून घ्यावे. पायऱ्यांपाशी थबकणाऱ्यांत वृद्ध भाविकच अधिक असतात.

आम्हांला भीती वाटते ती दाखल्यांच्या बाजाराची. सक्ती आली की शिक्के विकणारेही येतात. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आल्तिनोचे वास्तुशास्त्र महाविद्यालय यांनी हा विषय सक्तीचा करून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मोजमापासाठी बसस्थानकांवर आणि कचेऱ्यांत पाठवावे. सरकारने तपासणीचे काम देताना प्रत्येक पथकात एक दृष्टिहीन आणि एक चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असावी अशी अट घालावी, आणि त्यांना मानाचा नारळ देऊन बोळवण न करता इतर तज्ज्ञांएवढेच शुल्क द्यावे. अहवाल त्या त्या कचेरीच्या फलकावर लावावा, तोही बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर.