शेवाळाच्या गोळीचें त्रैराशिक

हल्लीं औषधांच्या दुकानांत हिरव्या गोळ्यांच्या बाटल्या मानाच्या जागीं मांडलेल्या दिसतात. नांव स्पिरुलिना, आणि ख्याति अशी कीं, तिच्या एक किलो भुकटींत हजार किलो भाजीफळांचें पोषण सांठविलेलें आहे. हें विधान आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एकदां वहींत मांडून पाहावें. त्यास त्रैराशिकापलीकडचें गणित लागत नाहीं.

‘क’ जीवनसत्त्व घेऊं. वाळलेल्या स्पिरुलिनाच्या १०० ग्रॅमांत तें सुमारें १० मिलिग्रॅम असतें. म्हणजे एक किलोंत १०० मिलिग्रॅम. पेरूच्या १०० ग्रॅमांत तें २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतें. हजार किलो फळें दूरच राहिलीं. येथें पेरूची ५० ग्रॅमांची फोड किलोभर भुकटीच्या तोडीस उतरते!

प्रथिनांविषयींचें म्हणणें मात्र खोटें नव्हे. या भुकटीचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. परंतु ती ताटभर कोण खातो? अर्ध्या ग्रॅमाच्या सहा गोळ्या घेतल्या तरी दोन ग्रॅमहि प्रथिन पदरीं पडत नाहीं. एका अंड्यांत तें सुमारें ६ ग्रॅम असतें आणि मूठभर शेंगदाण्यांतहि जवळजवळ तितकेंच. शेंकडेवारी खरी, पण मात्रा चिमूटभर. ज्या घरीं या बाटलीसाठीं मुलांच्या दुधाला कात्री लागते, तेथें हा हिशेब पालकांनीं अवश्य करावा.

समुद्रशेवाळ म्हणून खपणारी ही वस्तु वास्तविक समुद्रांतली नव्हेच. क्षारयुक्त सरोवरांत वाढणारा तो एक सूक्ष्म जीव आहे. मेक्सिकोंतील टेक्सकोको सरोवराकांठचे अझटेक लोक तो खात असत, आफ्रिकेंत चाड सरोवराकांठीं आजहि खातात. अन्न म्हणून त्याविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती ‘ब-१२’ जीवनसत्त्वाबद्दल. शाकाहारी मनुष्यास तें या गोळ्यांतून मिळतें, असें बेधडक सांगण्यांत येतें. त्यांत जें सांपडतें तें बहुतांशीं ‘ब-१२’ सारखें दिसणारें, परंतु मानवी देहास निरुपयोगी असें द्रव्य होय. या जीवनसत्त्वाच्या अभावीं मज्जातंतूंस इजा होते, आणि उपचारास फार उशीर झाल्यास ती पूर्णपणें भरून येतेच असें नाहीं. पायांस मुंग्या येणारी एखादी माउली या गोळ्यांवर विसंबून वर्ष घालवील, तर त्या वर्षाची भरपाई कोणता दुकानदार करणार? तिनें रक्त तपासून घ्यावें, आणि दूध, दहीं, अंडीं, मासळी किंवा वैद्यकीय सल्ल्यानें खरें ‘ब-१२’ घ्यावें.

खऱ्या समुद्रशेवाळाची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. १८११ सालीं कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास त्याच्याच राखेंत आयोडीन गंवसलें, आणि १८२० मध्यें जिनीव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनीं तें गलगंडावर योजिलें. पण प्रौढ मनुष्यास दिवसाकांठीं अवघें १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें, आणि आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरांत तें बहुधा जेवणांतूनच मिळतें. केल्प नामक शेवाळाच्या एका ग्रॅमांत त्याच्या कित्येक पट आयोडीन असूं शकतें. जपानांतील होक्काइडोच्या किनाऱ्यावर असें शेवाळ मनसोक्त खाणाऱ्या लोकांत वैद्यांस जो विकार आढळला, तो गलगंडच होता.