पाय बधिर करणारे बूट वेगवान नसतात

"डॉक्टर, बूट चांगले महागाचे आहेत हो. त्यांच्यामुळे कसं होईल?"

समोर बसलेले गृहस्थ पन्नाशीचे. मधुमेहाला सात वर्षं झालेली. साखर आटोक्यात यावी म्हणून त्यांनी सायकल सुरू केली आणि साखर खरोखरच आटोक्यात आली. मग सायकल ग्रुपमधल्या मित्रांनी गोव्याच्या आयर्नमन ७०.३ चं वेड डोक्यात भरवलं. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. त्या तयारीत त्यांनी 'एरो' शूज घेतले. पुढे निमुळते, वरून चकचकीत आणि अखंड, खाली कार्बनचा सोल. आता त्यांच्या उजव्या करंगळीच्या मुळाशी रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. ती त्यांना कळली मोज्यावरच्या डागामुळे. दुखलं नव्हतंच.

हा लेख त्या बुटांच्या विरोधात आहे, हे आधीच सांगतो. सायकलच्या विरोधात मुळीच नाही. उलट माझे पेशंट सायकल चालवू लागले की मला आनंदच होतो. पण "घट्ट असला तरच वेग मिळतो", "मुंग्या येतातच, सवय होईल", "रेसचा बूट असाच असतो" हे जे शहाणपण ग्रुपवर फिरतं, ते चुकीचं आहे आणि काहींच्या बाबतीत धोक्याचं आहे.

आधी वेगाचा हिशेब करू, कारण तुम्ही पैसे त्यासाठीच मोजता.

सपाट रस्त्यावर जोरात सायकल चालवताना तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, हे खरं आहे. पण त्या हवेला सगळ्यात जास्त अडवतं ते तुमचं शरीर: छाती, खांदे, डोकं, हात. बुटाचा वाटा त्यात अगदी लहान. शिवाय हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा एखादा बूट ताशी ४५ किलोमीटरला ३ वॅट वाचवतो. ताशी ३० ला तोच बूट ३ च्या २७ भागांतले ८ भाग, म्हणजे जेमतेम ०.९ वॅट वाचवेल. आता मला प्रामाणिकपणे सांगा, ९० किलोमीटर तुम्ही कोणत्या वेगाने जाता? ३० ने जात असाल तर तीन तासांच्या प्रवासात तुमची साधारण वीस-पंचवीस सेकंदं वाचतील. तेवढी सेकंदं ओला पाय अरुंद बुटात कोंबतानाच निघून जातात. वाऱ्यात फडफडणारा शर्ट बदललात, कोपरं थोडी आत घेतलीत, तर याहून कितीतरी जास्त मिळेल. (याचे पैसे कोणी मागत नाही, म्हणून याची जाहिरातही नाही.)

आता पायाकडे या. पेडलवर जोर पडतो तो चवड्यावर. चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. बूट दोन्ही बाजूंनी आवळला की हाडं जवळ येतात आणि मधली नस चिमटते. आधी मुंग्या येतात, मग तळव्याची आग होते, मग बोटं "नाहीशी" होतात. सायकलवाले याला 'हॉट फूट' म्हणतात आणि जणू शौर्यपदकासारखं मिरवतात. असं महिनोन्महिने चाललं तर नसेभोवतीचं आवरण जाड होऊ शकतं, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. एकदा तो झाला की साध्या चपलेत चालतानाही बुटात खडा गेल्यासारखं टोचत राहतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. अनवाणी आणि चपलांत वाढलेले पाय पुढून रुंद असतात. बंद बुटांत वाढलेल्या पायांसारखे ते निमुळते नसतात. अनेक रेसिंग बूट मात्र अरुंद साच्यावर बनतात. बूट चावतो तेव्हा दोष तुमच्या पायाचा नसतो. शिवाय उन्हात दोन-तीन तास सायकल चालवली की पाय सुजतो. सकाळी एसीतल्या दुकानात "एकदम फिट" बसलेला बूट मिरामारच्या उकाड्यात शिकंजा होतो.

कडक सोलबद्दलही थोडं. कार्बनचा सोल वाकत नाही म्हणून ताकद वाया जात नाही, असं सांगतात. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन सोलच्या बुटात चवड्यावरचा कमाल दाब प्लास्टिक सोलपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त भरला. आणि कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांना मध्यम जोराने सायकल चालवताना साधे धावण्याचे बूट आणि क्लीटचे बूट यांत शरीराच्या ऊर्जाखर्चात फरक आढळला नाही. क्लीटचे फायदे आहेत, पाय घसरत नाही, स्प्रिंटला पकड मिळते. पण सगळ्यात कडक तेच सगळ्यात उत्तम, हे आपल्या वेगाला लागू होत नाही.

मधुमेह असलेल्यांनी इथे थांबून वाचावं. वेदना ही पायाची राखणदार आहे. नसा कमजोर झाल्या की राखणदार झोपतो. इतरांना बूट चावला की ते सायकल थांबवतात, तुम्ही थांबत नाही, कारण तुम्हाला कळतच नाही. नवा बूट घेण्याआधी डॉक्टरकडून पायाची संवेदना तपासून घ्या. दहा ग्रॅमचा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून पाहतात. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. संवेदना कमी निघाली तर अरुंद बूट तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही वॅट वाचवो. आणि प्रत्येक राइडनंतर मोजे काढून पाय बघायचे, तळवा आरशात, बोटांच्या फटींतसुद्धा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो बूट पुन्हा घालू नका.

मग बूट निवडायचा कसा? संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा. सायकलवर घालता तेच मोजे घाला. बुटातलं इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट तिथेच सोडा, आवळून काही होत नाही. दोन पायांत फरक असतो, मोठ्या पायाचं माप घ्या. बोटं आत हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये.

ट्रायथलॉनसाठी मोज्याशिवाय, ओल्या पायाने घालायचा असेल तर बुटाच्या आत बोट फिरवून शिवण शोधा. जिथे बोटाला टोचेल तिथे फोड येणार. तोंड मोठं हवं, टाचेला ओढायला फासा हवा, पाणी निघायला भोकं हवीत. वरचा पट्टा बाहेरच्या बाजूला उघडणारा असला की सुटा पट्टा क्रँकमध्ये अडकत नाही. अखंड कापडाच्या काही एरो बुटांत नेमकं हेच सगळं नसतं.

दोनशे-तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे करणाऱ्यांना तर एरोचा विचारच नको. टपरीवर चहाला उतरून चालता आलं पाहिजे. आत दबलेली दोन बोल्टांची क्लीट घ्या.

बूट आधीच घेतला असेल आणि मुंग्या येत असतील तर पुढचा पट्टा सैल करा आणि क्लीट काही मिलिमीटर टाचेकडे सरकवा. चवड्यावरचा जोर कमी होतो. सीट किंचित खाली घ्यावी लागेल. गुडघाही दुखत असेल तर पाय थोडा वळू देणारी क्लीट बसवा. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये लाल अजिबात वळू देत नाही, पिवळी सहा अंश देते. बूट काढल्यावर तासाभरानेही बधिरपणा राहिला तर मात्र दाखवायला या.

ताशी चाळीसच्या वर टाइम ट्रायल मारणाऱ्या आणि पाय खरंच त्या साच्यात बसणाऱ्या मंडळींनी एरो शूज खुशाल घ्यावेत. माझ्या दवाखान्यात असे फारसे कोणी येत नाहीत.

आपल्या गृहस्थांची जखम भरायला अकरा आठवडे लागले. गोवा हुकलं. आता ते रुंद बुटात, पुढचा पट्टा सैल ठेवून, दर रविवारी साठ किलोमीटर करतात. जुनी जोडी त्यांनी ग्रुपवर विकायला काढली आहे, "फक्त चारशे किलोमीटर वापरलेली" म्हणून. मी त्यांना रुंदीचं मापही लिहायला लावलंय.