थर्मोडायनॅमिक्स आणि आमचा कूलर

मेकॅनिकल शिकून आयटीत कोड लिहिणाऱ्यांच्या भल्यामोठ्या जमातीतला मीही एक. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर कसाबसा सुटला तेव्हाच ठरवलं होतं, हिचं तोंड परत पाहायचं नाही. पण मे महिन्यात चांदूर रेल्वेला घरी गेलो आणि गाठ पडलीच.

बाहेर ४४ अंश. बैठकीत कूलर ढणाढणा चालू, तरी सगळे घामाघूम. म्हटलं, "बाबा, ह्या पगारात एसी घेऊन टाकतो."

"कायले पायजे एसी? कूलरचं गवत बदलून टाकू, होते गार."

आता बघा. पहिला नियम सांगतो की ऊर्जा नष्ट होत नाही. एक लिटर पाणी सुकताना हवेतली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेतं, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश युनिट! हवा गार होते, पण ती उष्णता वाफेत जाऊन बसते. वाफ बाहेर गेलीच नाही तर खोली दमट होते आणि अंगावरचा घाम सुकत नाही. आणि आमच्याकडे खिडक्या होत्या गच्च बंद! समोरची खिडकी उघडली. "गार हवा बाहेर जाते ना बे!" बाबा ओरडले. अर्ध्या तासात मात्र घाम थांबला.

दुसरा नियम म्हणतो की उष्णता थंडाकडून गरमाकडे आपणहून जात नाही, त्यासाठी काम करावं लागतं. एसी तेच करतो. दीड टनाचा एसी घरातली साधारण ५ किलोवॅट उष्णता काढायला दीड किलोवॅट वीज खातो आणि साडेसहा गल्लीत फेकतो. म्हणजे माझा गारवा, शेजाऱ्याची झळ. कूलरला मात्र पंखा आणि पंपापुरते दोनेकशे वॅट पुरतात, कारण बाकीचं काम वऱ्हाडातली कोरडी, तहानलेली हवाच करते.

कूलरलाही पाणी लागतं, आणि ते नेमकं टंचाईच्या दिवसांत. शिवाय मृग बरसला की हवा दमट, कूलर निकामी. घरात आजारी माणूस असेल तर एसी जरूर घ्या. पण वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो पहिला नव्हे, शेवटचा उपाय असावा, असं माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईतून पैसे पाठवण्याआधी एकदा खिडकी उघडून बघायला काय हरकत आहे?

असो. एसीचे पैसे वाचले. बाबा मात्र अजूनही येताजाता खिडकी लावून घेतात!