चाकोरी सोडलेले चाक : बारामती-इंदापूरचे माळ आणि गोंगाटाचा कायदा

१/ बारामती आणि इंदापूर ही नावे निघाली की ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवते. याच दोन तालुक्यांच्या कोरडवाहू भागात गवताचे विस्तीर्ण माळ आहेत. इंदापुरात कडबनवाडी, बारामतीत शिर्सुफळ आणि सुपे. लांडगा, चिंकारा, खोकड आणि तरस यांचे ते घर. अलीकडे तेथे रस्ता सोडून धावणाऱ्या चारचाकी गाड्याही येऊ लागल्या. त्यांना आवरायचे ते कोणत्या कायद्याने, हा या थ्रेडचा विषय.

२/ माळ हा कधीच 'कुणाचा नसलेला' नव्हता. मराठेशाहीत गवताळ जमिनीला 'कुरण' म्हणून मोल होते. घोडदळाच्या चाऱ्यासाठी सरकारी कुरणे राखली जात. इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून सारा येत नाही, ती 'पडीक' गणली जाऊ लागली. पडीक म्हटले की तेथे कुणी कसेही जावे, ही समजूत मागोमाग आली. ती आजही गेलेली नाही.

३/ गंमत अशी की, याच अमलातील एका अधिकाऱ्याने या माळाच्या रहिवाशाला शास्त्रात स्थान दिले. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स याने १८३१ मध्ये येथील लांडग्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतीय लांडग्याच्या 'पॅलिपेस' या शास्त्रीय नावापुढे आजही साइक्सचे नाव लागते.

४/ मोकळ्या माळावरच्या जनावरांचा भरवसा वेगावर आणि दूरवर दिसणाऱ्या क्षितिजावर असतो. मोटारीने तो भरवसा मोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सहज मिळू लागल्या आणि काळवीट, माळढोक यांची शिकार सोपी झाली. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या (आजचे छत्तीसगड) महाराजांनी तीन चित्ते मारले. देशातील शेवटच्या चित्त्यांपैकी ते मानले जातात. ती शिकारही रात्री मोटारीतून जाताना झाली.

५/ हा अनुभव ताजा असताना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या मूळ कलम १७ मध्ये चाकाचा स्पष्ट उल्लेख होता. वाहनातून शिकार करण्यास तर मनाई होतीच. शिवाय वन्यप्राण्यांना हाकण्यासाठी किंवा बिथरवून पळवण्यासाठी मोटार वापरण्यासही मनाई होती. बंदूक नसली तरी निव्वळ मोटार हेच हत्यार ठरू शकते, हे त्या कायदेकारांना ठाऊक होते.

६/ १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवर जवळपास संपूर्ण बंदी आणली. मग शिकारीच्या अटी सांगणारी कलमे अनावश्यक ठरून वगळली गेली. त्यांतच कलम १७ गेले. हेतू चांगला होता, परिणाम मात्र विचित्र झाला. शिकार म्हणजे बंदूक, असा लोकांचा ग्रह राहिला आणि चाकाविषयीचा स्पष्ट शब्द कायद्यातून नाहीसा झाला.

७/ तरीही त्या मनाईचा गाभा शिल्लक आहे. कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना उपद्रवही येतो. चंडोल, धाविक, पखुर्डी हे माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. लांडग्यामागे छायाचित्रासाठी गाडी पळवणारा हौशी माणूस स्वतःला निसर्गप्रेमी समजत असेल, पण व्याख्या त्याला शिकाऱ्याच्या फार जवळ नेऊन बसवते.

८/ आता गोंगाटाकडे. मुंबई पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३८ ने वाद्ये आणि गोंगाट थांबवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००० मध्ये ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, अशा मर्यादा ठरल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्ती हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

९/ या नियमांनी शहरांतील रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना मोठा आधार दिला. माळावर मात्र ते लंगडे पडतात. क्षेत्रे चारच : औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता. शांतता क्षेत्राची कल्पना रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती उभी आहे. कुरणाला या यादीत जागाच नाही.

१०/ मोजमापाचेही तसेच. नियमांतील डेसिबल 'ए' मापाचे आहेत, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे वजन दिलेले. लांडग्याचा कान आपल्याला न ऐकू येणारे उंच स्वरही टिपतो. नियमांचा 'दिवस' सकाळी ६ ते रात्री १० असा. पहाट आणि तिन्हीसांज या माळावर सर्वाधिक हालचालीच्या वेळा आणि पर्यटकांच्याही आवडत्या. त्यांपैकी बराचसा काळ नियमांच्या लेखी दिवसातच मोडतो.

११/ मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९४-फ अनावश्यक हॉर्नला आणि सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्या गाडीला दंड सांगते : पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा केल्यास २,०००. पण सायलेन्सर शाबूत असलेली, हॉर्न न वाजवणारी महागडी गाडी गवतात घुसली, तर हे कलम काय करणार? माळावरचा खरा अपराध आवाजाच्या पातळीत नसून चाकाच्या मार्गात आहे.

१२/ म्हणून पुणे वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे सुरू केलेली गवताळ प्रदेश सफारी महत्त्वाची ठरते. आगाऊ नोंदणी, ठरलेले मार्ग आणि सोबत गावातलाच मार्गदर्शक. तिने डेसिबल मोजत न बसता चाक कोठून जाईल हे ठरवले. शिवाय माळ राखण्यात गावाला मिळकतीचा वाटा दिला.

१३/ पण सफारी ही सोय आहे, सर्वांना बांधणारा नियम नव्हे. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्याचा वावर त्याहून कितीतरी मोठ्या मुलखात, वनजमीन, गायरान आणि खासगी रान यांच्या सरमिसळीत असतो. नोंदणी करून येणारा पर्यटक मार्ग पाळेल, आणि न करता येणारा शेजारच्या गायरानातून आत शिरेल, असे होऊ देता कामा नये.

१४/ यावर आक्षेप येतो की बंदीचा फटका अखेर धनगराला आणि शेतकऱ्यालाच बसतो. आक्षेप खोटा नाही. कुरणे 'राखली' गेली तेव्हा मेंढरांच्या वाटा अनेकदा अडल्या. म्हणून नियमाने गरज आणि हौस यांत फरक केलाच पाहिजे. शेतावर जाणारा ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर आणि मेंढरांमागे चालणारा वाडा यांना मोकळीक असावी. अडवायचे ते करमणुकीसाठी वाट सोडणाऱ्या गाडीला.

१५/ असा नियम अवघड नाही. वनविभाग, महसूल खाते आणि ग्रामसभा यांनी मिळून माळावरच्या रूढ वाटा नकाशावर आणाव्यात. त्याबाहेर हौशी वाहनांना मनाई करावी. हिवाळ्यात लांडग्याच्या पिल्लांच्या गुहांकडे जाणाऱ्या वाटा बंद ठेवाव्यात. फलकांवर दंडाच्या रकमेबरोबर 'पाठलाग म्हणजे शिकार' ही कायद्याची व्याख्याही लिहावी.

१६/ बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या वाटेला मराठीत चाकोरी म्हणतात. चाकोरी सोडणे हे एरवी कौतुकाचे मानले जाते. माळावर मात्र चाकोरीपलीकडच्या गवतात कुणाचे तरी घरटे असते. १९७२ च्या कायद्याला हे कळले होते. ते पुन्हा स्पष्ट शब्दांत लिहून घेण्याचे काम आता बारामती-इंदापूरपासून सुरू व्हावे.